न झालेल्या अपघाताचा सर्व्हे

अण्णांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाईनं लपवून ठेवलं. लोक गाड्या कशा चालवतात यावर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीचे ते आमच्या भागातले प्रमुख, आणि स्वतः साधी सायकलसुद्धा चालवायचे नाहीत. एसटीनं यायचे. ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसायचे, मांडीवर जेवणाचा डबा, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा झोपलाय. पण उतरताना ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून सांगायचे, "मागच्या डाव्या चाकाचं लायनर बघून घे गड्या. रडतंय ते." ड्रायव्हर आधी चिडायचे. मग दोन दिवसांनी तेच ड्रायव्हर स्टँडवर अण्णांना हात करून बोलवायचे, "अण्णा, जरा ह्या गाडीत बसून सांगा की, काय म्हणतीया."

त्या कंपनीचं आधी सांगते. एका विमा कंपनीनं एक उपकंपनी काढली होती. काडेपेटीएवढी डबी, बॅटरीवर चालणारी, गाडीच्या काचेला आतून चिकटवायची. तुम्ही किती जोरात जाता, ब्रेक कसा मारता, वळण कसं घेता, हे ती टिपून घ्यायची आणि वर पाठवायची. नीट चालवणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सवलत मिळायची. विमा आईचा आणि डबी लेकीची, असा संसार होता. अण्णा त्या उपकंपनीला लेकच म्हणायचे. पुण्याच्या मोठ्या साहेबांपुढंसुद्धा. "आमची लेक बरी हाय," असं मीटिंगमध्ये सांगायचे, आणि साहेब त्यांच्या घरची खुशाली विचारायचे.

ऑफिस मिरजेत. खाली तंबोऱ्यांचा कारखाना आणि वर आम्ही. जिन्यात वाळत घातलेले भोपळे, त्यांना धक्का न लावता वर जायचं हीच माझी रोजची परीक्षा. ऑफिसात माणसं दोन, अण्णा आणि मी. भिंतीवर एक मोठा पडदा. मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. माझं गाव उंब्रज, म्हणून मी उंब्रज. "उंब्रज, खिडकी लाव." "उंब्रज, डोकं दुखतंय व्हय गं?" पहिले दोन महिने माझं डोकं फिरायचं. हायवेवरच्या पाटीसारखं काय बोलवता मला, म्हणून एकदा भांडलेसुद्धा. ते म्हणाले, "नाव कुणाचंबी असतं. गाव एकाच जागी असतंय." मी खिडकी लावली.

त्याआधी तीस-बत्तीस वर्षं ते अपघाताच्या गाड्यांचे सर्व्हेअर होते. गाडी ठोकली, की विमा कंपनी ज्या माणसाला बघायला पाठवते, तो माणूस. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरचं एकेक वळण त्यांना पाठ होतं, पण ते कुठल्या देवळावरनं किंवा हॉटेलावरनं नव्हे. "हितं एक टेम्पो, पावसाळ्यात. हितं एक जीप, लग्नाची." असं ते ओळखायचे. त्यांच्याबरोबर प्रवास करायचा म्हणजे धडधडीत शिक्षा होती. मी एकदा सांगितलं, "अण्णा, गप बसा हो. मला घरी जायचंय त्याच रस्त्यानं." तेव्हा त्यांनी वळणं मोजायचं थांबवलं आणि ते म्हणाले,

"मी कायम मागनं पोचलो बघ. पोलीस येऊन गेलेलं, ॲम्ब्युलन्स गेलेली, रस्त्यावर काचा पडलेल्या आन् एक चप्पल. एक चप्पल असतीच. मग मी पोचणार, मोजपट्टी घेऊन."

नोकरी दोन-तीन वर्षं उरलेली असताना त्यांनी डबीचं काम स्वतः मागून घेतलं ते याच्यासाठी. ही डबी आधी सांगते, असं त्यांनी ऐकलं होतं. "मला एकदा आधी पोचायचं हाय," ते म्हणायचे. "लय न्हाई. एकदाच."

टेबलाच्या खणात त्यांच्याकडं काचा होत्या. फुटलेल्या इंडिकेटरच्या, मागच्या लाल दिव्यांच्या. तीस वर्षांत रस्त्यावरनं उचललेल्या. दुपारी ऊन पश्चिमेच्या खिडकीत आलं, की ते त्या काचा चौकटीवर ओळीनं मांडायचे. मग टेबलावर, कागदांवर, माझ्या ओढणीवर लाल-केशरी डाग पडायचे आणि हळूहळू सरकत जायचे. खालनं तंबोरा जुळवत असल्याचा आवाज यायचा. कारागीर एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसायचा, आणि आम्ही दोघं काम सोडून तिकडं कान लावायचो. मला खरं तर त्या काचांची भीती वाटायला हवी होती. पण कसली भीती, मला त्या वेळी हटकून झोप यायची.

पुण्याची मीटिंग पडद्यावर व्हायची, तीही नेमकी संध्याकाळी. आणि अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. साहेब तिकडं आलेख दाखवताहेत आणि इकडं आमचे अण्णा कॅमेऱ्यासमोर भाकरी मोडताहेत, मेथीची भाजी, वर ताक. एकदा साहेब म्हणाले, "नंतर जेवता येणार नाही का?" अण्णा म्हणाले, "सायेब, तुमचा आलेख उद्याबी असंल. सूर्य माझ्यासाठी थांबत न्हाई." मला वाटलं, गेली नोकरी. पण दुसऱ्या दिवसापासनं मीटिंग अर्धा तास अलीकडं आली. तेवढा मान त्यांना का होता, ते मला अजूनही कळलेलं नाही.

आता तो पडदा. त्यावर नकाशा आणि नकाशावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक गाडी. काम असं, की लाल झालेले ठिपके बघायचे, जोरात ब्रेक मारला की लाल. पण अण्णा हिरव्यांकडंच बघत बसायचे. सकाळी आले की चप्पल काढता काढता म्हणायचे, "कऱ्हाड उठलं बघ." थोड्या वेळानं, "आज तासगाव गप का हाय गं? बाजार हाय का आज?" ठिपक्यांचा मालक कोण हे आम्हाला कळायचं नाही, नुसते नंबर असायचे. अण्णांनी मनानं माणसं बसवली होती. एक रोज साडेनवाला सांगलीच्या पुलावर दोन मिनिटं थांबायचा. अण्णा म्हणायचे, नदी बघतो. मी म्हणायचे, तंबाखूचा मावा थुंकतो. यावर आमचं एक वर्ष भांडण चाललं.

दिवाळीच्या आधी मात्र आम्ही भांडायचो नाही. विट्याकडची माणसं देशभर पांगलेली, शहराशहरांतनं सोनं गाळायची दुकानं घालून बसलेली. दिवाळीला ती गाड्या काढून गावी येतात. एकदा अशाच दिवसांत अण्णांनी नकाशा लहान करत करत अख्खा देश पडद्यावर आणला. खालनं दक्षिणेकडनं, वरनं, उजवीकडनं हिरवे ठिपके मुंगीच्या पावलानं विट्याकडं सरकत होते. आम्ही खुर्च्या ओढून बसलो. कुणी जेवायला थांबलं की अण्णा म्हणायचे, "जेव बाबा, सावकाश जेव." एक ठिपका कर्नाटकात किती तरी वेळ हलेना, तर यांचा जीव खालीवर. "अण्णा, झोपला असंल," मी म्हणाले. "झोपू दे, झोपू दे. झोप काढूनच यावं माणसानं," असं म्हणत ते आणखी पुढं सरकून बसले. मग तो हलला. आम्हाला दोघांनाही कोण आनंद झाला! ना नात्याचा, ना गोत्याचा.

सर्वोत्तम चालकाची गोष्ट सांगितल्याशिवाय अण्णा पुरे होणार नाहीत. वर्षाच्या शेवटी पुण्याहून कळलं, की आमच्या दोन जिल्ह्यांत एका चालकाला पैकीच्या पैकी गुण आहेत. वर्षभरात एकदाही जोरात ब्रेक नाही, एकदाही वेग जास्त नाही. गाव विट्याजवळचं, मालक दक्षिणेत सोन्याच्या कामावर. शाल, नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र घेऊन आम्ही त्या घरी गेलो. दारात गाडी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबडी. बाहेर आली ती मालकाची आई, सत्तरीच्या पुढची.

"गाडी कोण चालवतं आजी?" मी विचारलं.

"कोन न्हाई. ल्योक रेल्वेनं गेला, तवापासनं हुबी हाय."

"आणि डबी?"

"ती व्हय? देवापुढं हाय की." आजींनी आम्हाला आत नेलं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी आमची डबी, हळदीकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. "गेल्या साली खंडेनवमीला गाडीबरोबर पुजली. ल्योक म्हनला हुता, ही गाडीची राखन करती. मग राखन करनारीला उनात कशी ठिवायची? म्हनून आत आनली. बॅटरी संपली की पुतन्या बदलतो."

पुण्याच्या हुशार लोकांनी चुकांचे गुण कापायची सोय केली होती, गाडी मुळात चालली का हे बघायला ते विसरले होते. मला हसू आवरेना. अण्णांनी पायातले मोजे काढले, देव्हाऱ्यापुढं बसले, डबीला नमस्कार केला आणि शाल आजींच्या खांद्यावर घातली. "ह्यांच्या हातनं आजवर कुणाला धक्का लागलेला न्हाई," मला म्हणाले. "बक्षीस बरोबर घरी आलंय." रोज ठिपके बघणाऱ्या माणसाला तो एक ठिपका वर्षभर हलला नाही हे दिसलं नसेल? आज मला वाटतं, दिसलं होतं. आजी कोण आहेत ते त्यांना बघायचं होतं.

आणि मग कार्तिकात पुण्याहून पत्र आलं. धंदा म्हणून या उपकंपनीला अर्थ आहे का, प्रत्येक भागाच्या प्रमुखानं महिनाभरात लिहून कळवावं. आमचा भाग सगळ्यात जुना, त्यामुळं अण्णांच्या शब्दाला वजन होतं. नाही म्हटलं तर ऑफिस बंद होणार हे उघड होतं. मला पुण्याला बदली मिळाली असती, पण वडील उंब्रजला एकटे, गुडघ्यांनी बसलेले. मिरजेतनं मी दर शनिवारी घरी जायचे. पुण्यातनं ते जमायचं नाही. मी अण्णांना सरळ म्हणाले, "चार बऱ्या ओळी लिहा."

"खोट्या?"

"खोट्या न्हाईत ओ, बऱ्या."

ते मला घेऊन जिन्यात बसले, भोपळ्यांच्या मधे. "मला सांग उंब्रज, डबी कोण लावून घेतो?"

"नीट चालवणारा."

"आन् बेफाम चालवणारा?"

"तो कशाला स्वतःच्या गळ्यात बांधून घेईल?"

"म्हंजे जो ठोकणारच नव्हता त्याला आपण सवलत देतोय. बरं, ज्याचं गुण कमी आलं त्याचा हप्ता वाढवला, तर तो काय करंल?"

"दुसऱ्या कंपनीत जाईल," मी म्हणाले. आवाज माझाच मला बारीक वाटला.

"मग आपल्यात उरलं कोण? देव्हाऱ्यावाली आजी."

मी हार मानली नाही. "दुसऱ्या विमा कंपन्यांना विकू की आपली माहिती."

"सवतीच्या लेकीकडनं कोण घेतंय गं? लेक कमावती कवा म्हणायची? बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर. हिला आईशिवाय गिऱ्हाईक न्हाई. रोज माहेरी जेवायचं आन् ताट धुतलं म्हणून आईकडनंच पगार घ्यायचा. किती दिवस चालंल?"

"मग लिहा तसं!" मी ओरडले. खालचा तंबोरा थांबला.

"लिवणार हाय," अण्णा म्हणाले. "पर महिना हाय अजून. तेवढ्यात एकदा आधी पोचू दे मला."

तेव्हापासनं ते पहिल्यांदा लाल ठिपक्यांकडं बघायला लागले. पुण्याच्या यंत्रानं आमच्या भागात कितीतरी धोक्याच्या जागा काढल्या होत्या. अण्णा एकेका जागी एसटीनं जायचे, मला ओढत. पहिल्या जागी म्हसोबा. दुसऱ्या जागी दर्गा. तिसऱ्या जागी परत म्हसोबा. आमच्याकडचा माणूस बोलत बोलत गाडी हाणत असतो, देव जवळ आला की त्याला एकदम आठवतं, मग खचकन ब्रेक, एक हात छातीला, एक हॉर्न, आणि पुन्हा सुसाट. यंत्र बिचारं घाबरून लाल होत होतं. "हे भक्तीचे ब्रेक," अण्णा सांगायचे आणि यादीतनं जागा खोडायचे. खोडत खोडत एक जागा उरली.

सांगलीहून कराडकडं जाताना मुख्य रस्त्याला एक शेताचा रस्ता येऊन मिळतो. तिथं देव नाही, दर्गा नाही, साधा पिंपळसुद्धा नाही. पण ब्रेक होते, आणि गंमत म्हणजे वर्षभर नव्हते. पावसाळा सरताना सुरू व्हायचे, माघापर्यंत वाढत जायचे आणि एकदम बंद व्हायचे. अण्णा दोन दिवस पडद्यासमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्यांचा घास हातात राहिला. "उंब्रज, ऊस!" ते म्हणाले. "ऊस वाढला की ब्रेक, ऊस तुटला की न्हाई. कोपऱ्यावरचा ऊस रस्ता झाकतोय गं."

शेत एका निवृत्त सुभेदारांचं होतं. ताठ, पांढऱ्या मिशा, बोलणं फौजेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजतागायत किती ॲक्सिडेंट झालं हितं?"

"एकबी न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग?"

"मग म्हंजे, अजून न्हाई."

"आवं सायेब, जो ॲक्सिडेंट झालाच न्हाई त्याच्यापायी उभा ऊस तोडू मी? कुनाची ऑर्डर हाय?"

"कुणाची न्हाई. कोपऱ्यातला तीन गुंठं ऊस काढा आन् तिथं दरसाल बुटकं पीक घ्या, एवढीच विनंती हाय."

"कारखान्याची तोड आली की जाईल सगळाच. रामराम."

ऊसतोड माघात येणार होती. आणि अहवालाचा महिना संपायला दहा दिवस. दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, कोपऱ्यावर बसलोय. घडीची खुर्ची, छत्री, जेवणाचा डबा. मी चिडून विचारलं, तिथं बसून काय होणार? "ऐकतोय," ते म्हणाले. इकडं पुण्याहून अहवालासाठी फोनावर फोन, आणि मी उत्तरं देतेय, साहेब पाहणीला गेलेत. लोकांना वाटायला लागलं, की हा माणूस उपोषणाला बसलाय. कुणी तरी विचारलंसुद्धा, मागणी काय? तिसऱ्या दिवशी सुभेदारांच्या घरनं चहा आला. पाचव्या दिवशी सुभेदार स्वतःची खुर्ची घेऊन आले. म्हणे, माझ्या बांधाला परका माणूस एकटा बसलेला बरा दिसत न्हाई.

सहाव्या दिवशी सहीचे कागद घेऊन मी तिथं गेले. दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसलेले. वाऱ्यानं उसाची पानं सळसळत होती आणि दोघांचेही डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आता एक स्कूटर येईल. पुढं पोर असंल." शेतरस्त्यानं स्कूटर आली, उसाच्या भिंतीतनं एकदम मुख्य रस्त्यावर. तिकडनं दुधाचा टेम्पो. करकचून ब्रेक, धुरळा, बाईनं दोन्ही पाय टेकले. पुढं उभं राहिलेलं पोरगं हँडलवर आपटता आपटता राहिलं. बाई हसली, टेम्पोवाल्याला हातानंच जा म्हणाली, आणि निघून गेली.

सुभेदार उभे राहिले होते. ती त्यांची सून होती, आणि पुढं नातू. अंगणवाडीला निघालेली.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"रोज," अण्णा म्हणाले. "कवा टेम्पो, कवा दुसरं कायतरी. तिच्या गाडीत डबी न्हाई, पर मी ऐकतोय की."

सुभेदार खुर्ची तिथंच ठेवून घराकडं गेले. मला वाटलं, रागावले. ते आले ते कोयता घेऊन. सत्तरीचा माणूस, सदरा काढला आणि स्वतः ऊस तोडायला लागला. मग वस्तीवरचे दोघेतिघे आले. शेंड्याचं हिरवं वाढं जनावरांना गेलं, ऊस कडेला पडला. तासा-दीडतासात कोपरा मोकळा झाला आणि सगळं एकदम दिसायला लागलं. इकडचा रस्ता, तिकडचा रस्ता, लांबवर एक बैलगाडी, त्याच्याही पलीकडं निळे डोंगर. इतका उजेड तिथं होता हे कुणाला माहीतच नव्हतं. अण्णा त्या उजेडात उघड्या डोक्यानं उभे होते, छत्री मिटून. मी त्यांना तेवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी अहवाल पाठवला. एकच ओळ होती. "धंदा म्हणून याला अर्थ नाही." मी वाचली आणि रडले. मग भांडले. "अण्णा, कोपरा सापडला ना? ते तरी लिहायचं!"

"काय लिवू? एक अपघात झाला न्हाई, असं? त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं? न्हाई गं. खरं विचारलं, खरं सांगितलं."

मग त्यांनी खणातनं जुना सर्व्हेचा छापील फॉर्म काढला आणि त्यांच्या सुंदर अक्षरात भरायला घेतला. ठिकाण, कोपऱ्याचं. नुकसान, काही नाही. वाहन आणि वेळ या रकान्यांपुढं लिहिलं, नंतर भरावे. आणि साक्षीदार म्हणून सही कर, असं म्हणत कागद माझ्याकडं सरकवला. माझा राग मस्तकात गेला होता. "जे झालंच नाही त्याची साक्ष कसली डोंबलाची?" म्हणून मी कागद परत ढकलला. ते रागावले नाहीत. महिनाभरानं ऑफिस आवरताना त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत एक केशरी काच आणि तो फॉर्म. "ठेव तुझ्यापाशी," म्हणाले.

पुण्याला मी तीन वर्षं काढली. वडिलांना नेलं, पण ते रमले नाहीत, शेवटी उंब्रजला परतले आणि तिथंच वारले. त्या वेळी मी तिथं नव्हते. अण्णांवरचा राग मी ते दुःख होतं तोवर जपून ठेवला, हे कबूल करते. नंतर लग्न झालं, कराडला आले, गाडी चालवायला शिकले, मुलगी झाली. अण्णा सांगलीजवळ त्यांच्या गावी होते. वर्षातनं एकदा फोन यायचा. "उंब्रज, ब्रेक हळू मारतीस न्हवं?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचे, येते एकदा भेटायला. जायचं राहून जायचं.

यंदा कार्तिकात एका पहाटे त्यांच्या पुतण्याचा फोन आला, अण्णा रात्री गेले. मी मुलीला गाडीत मागं बसवलं आणि तशीच निघाले, पण पोचले तेव्हा सगळं उरकून मंडळी परतली होती. ओसरीवर एसटीचे दोन ड्रायव्हर डबडबल्या डोळ्यांनी बसले होते. दाराशी अण्णांच्या चपला होत्या, दोन्ही, नीट जोडून ठेवलेल्या. मी पण मागनंच पोचले, एवढंच डोक्यात घेऊन मी परत फिरले.

परतीच्या रस्त्यावर मला समोरचं धड दिसत नव्हतं. रडत होते, कशाला खोटं सांगू? मुलगी मागं झोपली होती. दोन्ही बाजूंना ऊस, पुरुषभर उंचीचा, भिंतींमधनं जावं तसा रस्ता. आणि एका ठिकाणी भिंत संपली. तीन गुंठे हरभरा, गुडघ्याच्याही खाली, हिरवागार. त्याच्यावरनं मला शेतरस्ता लांबपर्यंत दिसला, आणि त्या रस्त्यानं येणारा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या ऊस, मोठ्यानं गाणं लावलेलं. ड्रायव्हरचं लक्ष मागच्या ट्रॉलीकडं. मी ब्रेकवर पाय हळूच टेकवला. गाडी सावकाश थांबली. ट्रॅक्टर माझ्या पुढ्यातनं गेला, ड्रायव्हरनं मला बघून हात वर केला, गाणं लांब गेलं. मी आरशात बघितलं. मुलीची मानसुद्धा हलली नव्हती.

मी गाडी कडेला घेतली आणि हरभऱ्याकडं बघत बसले. मग घरी आले, कपाटातलं पाकीट काढलं. वाहनाच्या रकान्यात माझ्या गाडीचा नंबर घातला. वेळ लिहिली, सकाळचे साडेअकरा. नुकसान त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, काही नाही. त्याच्या खाली, साक्षीदार म्हणून, मी सही केली.